सरांच्या मामाची इस्टेट

आमच्या सरांचा मामा दर सोमवारी मरायचा. सोमवारी क्लासची नवी बॅच सुरू होई, आणि नव्या मुलांना कॉम्प्युटरची ओळख करून द्यायची तर आधी मामाला मारावं लागे. सर टेबलाशी उभे राहत, चष्मा पुसत आणि पडलेल्या आवाजात सांगत, "काल आपला मामा वारला. मोठा माणूस. मागे मूलबाळ नाही. घर, बाग, सगळं तुझ्या नावावर करून गेलाय. पण एक अट आहे." समोर पोलादपूर, नाते, पाचाड अशा ठिकाणांहून एसटीने आलेली मुलंमुली बसलेली असत. एखादी मुलगी खरोखर हळहळायची. एकाने तर "मग आज क्लासला सुट्टी हाय का सर?" असंही विचारलं होतं.

हा मामा एका जुन्या कॉम्प्युटर गेममधला होता. काळा पडदा, हिरवी अक्षरं, चित्र एकही नाही. गेम इंग्रजीत लिहून सांगे की तू मामाच्या घराच्या दारात उभा आहेस, उत्तरेला जिना आहे, पूर्वेला स्वयंपाकघर आहे. मग आपण टाइप करायचं. उत्तरेला जा. दार उघड. दिवा घे. मामाने आपल्या आवडीच्या वस्तू घरभर लपवून ठेवल्या होत्या आणि मृत्युपत्रात त्यांची कोडी घातली होती. सगळ्या वस्तू शोधून दिवाणखान्यातल्या टेबलावर मांडल्या तर घर तुझं. एक जरी राहिली तर वकील दाराला कुलूप घालून चालता होणार.

सर पूर्वी मुंबईत एका जहाज कंपनीच्या हापिसात होते. कंपनीने जुनी यंत्रं भंगारात काढली तेव्हा सरांनी त्यातलं एक विकत घेतलं, आणि त्याच्या पोटात हा गेम निघाला. पुढे नोकरी सोडून त्यांनी महाडच्या बाजारपेठेत एका हार्डवेअरच्या दुकानावर क्लास काढला, तेव्हा तोच कॉम्प्युटर सोबत आणला. सावित्रीचं पाणी बाजारात शिरायची चिन्हं दिसली की बाकीचे लोक तांदूळ आणि कागदपत्रं वर चढवायचे. सर आधी मामाला माळ्यावर चढवायचे, मग घरी फोन करायचे. त्यांच्या बायकोला हे माहीत होतं आणि तिने ते कधी मनाला लावून घेतलं नाही, यावरून ती बाई किती थोर होती हे लक्षात येईल.

मी तिथे शिकवायला होते. कॉलेज संपलेलं होतं, लग्न ठरत नव्हतं, आणि घरात बसून आईचं तोंड बघण्यापेक्षा सरांचा मामा परवडला. पहिल्याच दिवशी मी शहाणपणा करून विचारलं, "सर, इंग्रजीत नुसतं अंकल लिहिलंय. काकाही असेल की." सर माझ्याकडे दयेने बघत म्हणाले, "काका कधी कुणाला इस्टेट देतो का? मामाच तो." हा निकाल शेवटपर्यंत कायम राहिला.

क्लासच्या लादीवर त्यांनी ऑइलपेंटने मामाच्या घराचा नकाशा काढला होता. भिंतीकडेचे कॉम्प्युटर माळ्यावर, खिडकीजवळचे बागेत, मधले दिवाणखान्यात. जिन्याजवळचा दमट कोपरा म्हणजे तळघर. सगळी पोरं त्याच भाषेत बोलायची. "मॅडम, बागेतला माऊस चालत नाय." "मी आज तळघरात बसणार नाय, तिकडं डास हायत." फी भरायला आलेले पालक हे ऐकून चक्रावून जात, आणि सर त्यांना शांतपणे सांगत, "तुमची मुलगी माळ्यावर आहे, चपला इथेच काढा." चपला मामाच्या घराच्या रंगवलेल्या उंबऱ्याबाहेर काढाव्या लागत. रंगवलेला असला तरी उंबराच तो, असं सरांचं म्हणणं.

कुठल्याही नव्या जागी गेलं की आधी बघायचं, मग हात लावायचा, हा त्यांचा गेममधून आलेला नियम. ते तो जगतही होते. तहसील कचेरीत गेले तर दारातच उभे राहून अख्खी खोली न्याहाळत. कुठलं कपाट उघडं आहे, कुणाच्या टेबलावर डबा आहे, कोण जागा सोडून उठलाय. मागे रांग खोळंबायची, शिपाई ओरडायचा. सर ढिम्म. मात्र एकदा बघून झालं की बरोबर त्याच माणसाकडे जात ज्याच्याकडे काम असे, आणि आम्ही दुपारपर्यंत परत येत असू.

इंटरनेट आलं, फोन आले. गेमची सगळी उत्तरं कुठेतरी लिहिलेली असणार हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. एका पोराने फोन काढून "सर, दोन मिनिटांत सांगतो" म्हटलं, तर सरांनी त्याला दिवाणखान्यातून उचलून तळघरात बसवलं. "मामा माझा आहे," ते म्हणाले, "नेटचा नाही."

कारण सरांना सगळ्या वस्तू मिळाल्या होत्या, एक सोडून. मृत्युपत्रातलं शेवटचं कोडं असं होतं: रोज सकाळी ज्याच्यावाचून माझं पान हलत नसे, ते. सरांनी मामाचा वस्तरा आणून टेबलावर ठेवला. नाही. काठी ठेवली, चष्मा ठेवला, पेपर ठेवला, देवाचं पुस्तक ठेवलं. नाही, नाही. वकील घड्याळाकडे बघे आणि निघून जाई. कितीतरी वर्षं सर दुपारच्या रिकाम्या वेळात मामाच्या दारात नव्याने उभे राहत होते आणि संध्याकाळच्या बॅचच्या आत हरत होते.

आता सरांचा एक स्वभाव सांगायला हवा. त्यांना काहीही विचारलं की ते पहिल्यांदा नको म्हणत. चहा? नको. पाणी? नको नको. खुर्ची? असू दे, मी उभा बरा आहे. आपल्याकडे असं सगळेच करतात, पण आपण दुसऱ्या आग्रहाला विरघळतो. सरांना तीन लागायचे. एकदा नाते गावात एका विद्यार्थिनीच्या घरी आम्ही गेलो होतो. घरची सून नवीन, मुंबईची. तिने विचारलं, "सर, जेवायला वाढू?" आतून तांदळाच्या भाकरीचा आणि सुकटीच्या कालवणाचा वास येत होता. सर म्हणाले, "नको, नको, आत्ताच झालं." आणि त्या बिचारीने खरं मानलं! सरांचं झालं नाही म्हटल्यावर माझंही झालं नाही. परतीच्या एसटीत सर महाडपर्यंत धुमसत होते. "वळणच नाही राहिलं गो लोकांना. एकदा विचारतात आणि मोकळे होतात." भुकेने माझं डोकं उठलं होतं. मी म्हटलं, "मग हो म्हणायचं की सर." ते इतके दुखावले की दुसऱ्या दिवशी माझ्याशी मॅडम म्हणून बोलले.

गेममध्येही तेच. मामाच्या घरात पाऊल ठेवलं की घर सांभाळणारी म्हातारी येऊन विचारते, चहा घेणार? सर 'नो' टाइप करत. मुलंही 'नो'च टाइप करत, कुणी न शिकवता. पहिल्यांदा परक्या घरात गेल्यावर आणखी काय म्हणणार? म्हातारी आत निघून जाई ती पुन्हा काही येत नसे. सर तिच्याबद्दल एवढंच म्हणत, "इंग्रज बाई. आग्रह म्हणून नाही." पुढे चहाचा विषय कुणाच्या डोक्यातही येत नसे.

हे सगळं गमतीचं होतं, पण त्याच स्वभावापायी सरांचं एक खरं दुखणंही होतं.

सर मूळचे पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीतले. वडील लवकर गेले. घर, डोंगरउताराचं वरकस, भाताचे तुकडे सगळं चुलत्यांमध्ये सामायिक. सातबाऱ्यावर नावांची ही गर्दी, निम्मी मुंबईत, काही तर वारलेली. त्यात पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या काठाला भाताचा एक तुकडा होता. पावसात पऱ्या तो दरसाल खाऊन टाकी, म्हणून चुलत्यांनी सोडून दिलेला. सरांच्या आईने डोक्यावरून धोंडे वाहून त्याला बांध घातला, पाणी वळवलं, आणि त्या भातावर सरांना वाढवलं. आई गेली तेव्हा बाराव्याला सगळे जमले होते. थोरल्या चुलतभावाने, ज्याला सगळे दादा म्हणतात, सरांना विचारलं, "तुला यातला काय हवा हाय का?" सर म्हणाले, "नको रे. तुम्हीच बघा."

झालं. त्या दिवसापासून वाडीत सर मोठ्या मनाचे म्हणून प्रसिद्ध झाले. शिमग्याला गेले की लोक सांगत, ह्यांना बघा, ह्यांना काय नको. सर हसत आणि महाडला येऊन मामाच्या दारात उभे राहत. मला त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, "पण तुम्हाला तो तुकडा हवाय ना?" म्हणाले, "हवाय म्हणजे? तेवढाच हवाय." "मग सांगा." "असं आपण होऊन कसं सांगायचं? तो परत विचारील." मला त्यांचा इतका राग आला. दादाने परत विचारलं नव्हतं, आणि आता मुंबईची एक पार्टी फार्महाऊससाठी सगळी जमीन घ्यायला आली होती. पार्टीला पाणी हवं होतं. म्हणजे पऱ्याकाठ हवा होता. रविवारी सगळ्या भावांनी वाडीला जमून होकाराच्या सह्या करायचं ठरलं होतं. सर सही करणार होते. आईचा बांध जाणार होता, आणि सर त्या आठवड्यात मामाच्या घरात रोज हरत होते.

गुरुवारी दुपारी असह्य उकडत होतं. वीज जाऊन नुकतीच परत आली होती. खालचा चहावाला मुलीच्या लग्नाला गेलेला, त्यामुळे मला सकाळपासून चहा नव्हता, आणि चहाशिवाय मी माणसांत नसते. सर बाकावर आडवे, डोळ्यांवर ओला रुमाल. म्हणाले, "आज तू टाइप कर. मी सांगतो." त्यांना सगळं पाठच होतं. मी मामाच्या दारात गेले, दार उघडलं, आत शिरले. म्हातारी आली. चहा घेणार?

"नको म्हण आणि उत्तरेला जा," सर रुमालाखालून म्हणाले.

मला खरंच चहा हवा होता. मी 'येस' टाइप केलं.

पडद्यावर कधी न पाहिलेल्या ओळी उमटू लागल्या. म्हातारीचा चेहरा उजळतो. ती आत जाते आणि ट्रे घेऊन येते. ट्रेमध्ये किटली आहे, कप आहे, आणि तुमच्या मामाची चांदीची साखरदाणी आहे.

"सर," मी म्हटलं, "साखरदाणी."

"कसली साखरदाणी?"

"चांदीची. ती चहा घेऊन आली. मी हो म्हटलं."

सर उठून बसले. रुमाल खाली पडला. चष्मा सापडेना, तो न घालताच पडद्याला नाक लावून त्यांनी त्या ओळी वाचल्या, मग बोट लावून पुन्हा वाचल्या. मला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसले. एका बोटाने टाइप करत त्यांनी साखरदाणी उचलली. मग जिना, माळा, बाग, तळघर, कुठेही न अडखळता एकेक वस्तू आणून टेबलावर मांडायला लागले. संध्याकाळची बॅच येऊन पोचली होती. पोरं चपला काढायला विसरून घरभर उभी राहिली. शेवटी सरांनी साखरदाणी टेबलावर ठेवली.

वकील टोपी काढतो, पडद्याने लिहिलं. अभिनंदन. हे घर तुमचं आहे.

माळ्यावरून, तळघरातून, बागेतून एकच आरोळी उठली. खालचा हार्डवेअरवाला मारामारी झाली समजून हातात पाना घेऊन वर आला, आणि कळल्यावर तोही ओरडायला लागला. इतकी वर्षं त्याच्या डोक्यावर मामा मरत होता, त्याचाही हक्क होताच. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. पडद्याकडे बघत सर हळू म्हणाले, "म्हणजे ती एकदाच विचारते."

"हो सर."

"एकदाच, गो." मग माझ्याकडे वळले. "रविवारी तू वाडीला येशील? तू असलीस तर मी पळणार नाय."

मी पहिल्या झटक्यात हो म्हटलं.

रविवारी पडवीत चटया टाकलेल्या होत्या. दादा मुंबईच्या गोदीतून रिटायर झालेला, दांडगा माणूस, मधोमध बसला होता. भोवती बाकीचे चुलतभाऊ, गावचे आणि मुंबईचे. वहिनी, म्हणजे दादाची बायको, दारात येऊन नेहमीसारखी म्हणाली, "भावोजी, चा घेताव ना?" आणि नेहमीचं उत्तर धरून आत वळलीही.

"हो," सर म्हणाले.

वहिनी थांबली. "काय बोललाव?"

"हो बोललो. साखर जरा जास्त घाला."

सगळी पडवी सरांकडे बघायला लागली. वहिनीने मला बाजूला घेऊन विचारलं, "बरा नाय का यांना?" मी म्हटलं, "आज अगदी बरं आहे." सरांनी तो चहा सगळ्यांसमोर शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

मग कागद फिरत फिरत सरांपुढे आला. दादा म्हणाला, "तुझा काय नाय रे, तुला तर काय नकोच हाय. सही तेवढी कर."

सरांनी पेन घेतलं, आणि खाली ठेवलं.

"दादा, मला हवंय."

"काय हवा?"

"पऱ्याकाठचा तुकडा. आईचा."

मुंबईचा धाकटा भाऊ ताडकन म्हणाला, "अरे यार, पाणी त्याच तुकड्यात हाय! तो काढला तर पार्टी भाव पाडणार. आत्ता, एकदम लास्टला बोलायचं हे?" दोघातिघांनी त्याला दुजोरा दिला. सर चटईकडे बघत बसून राहिले. मला वाटलं, आता हे "राहू दे" म्हणणार. मी मनात म्हणत होते, म्हणू नका, सर, म्हणू नका. ते म्हणाले नाहीत. मान खाली घालून का होईना, पण ठाम बसून राहिले आणि पेनला हात लावला नाही.

दादाने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "मग इतकी वर्सं बोललास का नाय रे? काकीच्या बाराव्याला मी सोता विचारला होता तुला."

"विचारलंस. मी नको बोललो."

"मग?"

"तू परत विचारलंच नाय."

दादाचा आवाज एकदम उतरला. "मला वाटला, तुझी आई गेलेली. त्या दुःखात कशाला परत परत विचारा. मग लोक बोलाय लागले, ह्याला काय नको. मला पण खरा वाटला." मग तो गुडघ्यावर हात टेकून उठला, शर्टाचं वरचं बटण लावलं, आणि सगळ्या भावांच्या देखत सरांसमोर येऊन उभा राहिला.

"आता मी परत विचारतो. काकीचा पऱ्याकाठचा तुकडा तुला हवा हाय का?"

मी सरांना ओळखत होते. त्यांच्या जिभेवर कुठला शब्द आला होता तो मला दिसला. त्यांनी तो गिळला.

"हवा," ते म्हणाले. इतक्या मोठ्याने म्हणाले की वहिनी आतून धावत आली. "आणि तिथं जायला वाट हवी. खालून नाय, वरून, बैल जाईल अशी. बांधावरचा फणस हवा, यंदाच्या फणसांसकट. आईचं उखळ हाय मागच्या पडवीत, ते हवं."

"भाव पडला तर?" धाकटा कुरकुरला.

"पडू दे," दादा म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं, आणि डोळेही पुसावे लागत होते. "अरे थांब रे बाबा, जरा दम तर घे!"

पण सर थांबायला तयार नव्हते. इतक्या वर्षांचं साठलेलं ते एकेक करून मागत होते, बोटांवर मोजत, उभे राहून, तोंडभर हसत. आणि दादा प्रत्येकाला मान हलवत "घे, घे" म्हणत होता.